जागलीला वाचायचं पुस्तक: ड्रॅक्युला, तारखेप्रमाणे

कापूसकोंड्या (दारव्हा तालुका) · २७ एप्रिल, रात्री ११:४०

मंडळी, इथं दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारते का खरोखर भीती वाटेल असं पुस्तक सांगा, मग पन्नास नावं पडतात आणि वाचत कोणीच नाही. मी एकच सांगतो. ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला. १८९७ ची आहे. थांबा, 'पिक्चर पाहिला आहे' म्हणून खाली सरकू नका, मी पण तेच म्हणत होतो.

गेल्या वर्षी उन्हाळी भुईमूग होता चार एकर, म्हणजे रानडुकरांची जागल आलीच. एक रात्र मी, एक रात्र भाऊ. मचानावर बसून करणार काय, रील पाहून पाहून डोक्याचा भुगा होते आणि डेटा संपते, तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून हे उतरवून घेतलं (फुकट आहे, कॉपीराइट कधीचाच संपला, त्यांच्याकडं ३४५ नंबरचं पुस्तक). उघडलं तर सुरुवातच तारखेनं, ३ मे. मोबाईलवर पाहतो तर त्या दिवशी २ मे. म्हटलं चला, उद्यापासूनच वाचू.

कारण ही अख्खी कादंबरी म्हणजे डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं, एका जहाजाची नोंदवही, असा गठ्ठा आहे. लेखक मधात कुठंच तोंड घालत नाही. जवळपास प्रत्येक नोंदीवर तारीख, ३ मेला सुरू आणि ६ नोव्हेंबरला खतम. मी ठरवलं का ज्या दिवशीची नोंद त्याच दिवशी वाचायची, पुढं डोकावायचं नाही. म्हणजे भुईमुगाच्या जागलीत सुरू केलं आणि कापसाच्या पहिल्या वेच्याला संपलं.

सुरुवात ऐका. जोनाथन हार्कर म्हणून एक पोरगा, नुकताच वकिलीची परीक्षा पास झालेला, मालकाच्या वतीनं ट्रान्सिल्व्हेनियात जाते. कशासाठी, तं जमिनीच्या व्यवहारासाठी! तिथल्या काउंटला लंडनजवळ जागा घ्यायची आहे, जुनाट घर, भोवती उंच दगडी भिंत, २० एकराच्या आसपास. आपल्याकडं भुताची गोष्ट चिंचेखालून सुरू होते, ही रजिस्ट्रीच्या कागदापासून सुरू होते बाप्पा. ज्यानं फेरफारासाठी चकरा मारल्या त्याला इथूनच घाम फुटते.

निघायच्या आधी खानावळीची म्हातारी त्याच्यापुढं गुडघे टेकते, जाऊ नको म्हणते, आज रात्री बारा वाजले का जगातलं सगळं वाईट मोकळं सुटते. हा म्हणते काम आहे, जावंच लागन. मग ती आपल्या गळ्यातला क्रूस काढून त्याच्या गळ्यात घालते, तुझ्या आईसाठी घाल म्हणते. त्याला अवघडल्यासारखं होते, पण नाही म्हणवत नाही. मी पहिल्यांदा नागपूरला शिकायला निघालो तेव्हा आजीनं बॅगेच्या पट्ट्याला बिब्बा बांधला होता आणि मी तो एसटी स्टँडवर काढून फेकला, पोरं हसतील म्हणून. हार्कर माझ्यापेक्षा बरा, त्यानं ठेवला.

आता भीतीचं. महालाचं दार काउंट स्वतः उघडते, बॅग स्वतः उचलते, म्हणते उशीर झाला, माणसं हाताशी नाहीत, तुमची सोय मीच पाहतो. ठीक आहे, होते असं. मग दोनतीन दिवसांनी हार्कर आपल्या खोलीत येते आणि पाहते तं काउंट त्याची गादी घालून राहिला. नंतर दाराच्या बिजागरीच्या फटीतून दिसते का जेवणाचं ताट पण तोच मांडून राहिला. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडते का एवढ्या मोठ्या महालात नोकर एकही नाही. आपण दोघंच आहो. आणि रात्री घाटातून बग्गी हाकणारा तो उंच माणूस, तो पण हाच होता. इथं रक्त नाही, सुळे नाहीत, एक म्हातारा चादर सारखी करून राहिला एवढंच. मी मचानावरून खाली उतरून भावाला फोन केला, काही नाही, सहज.

१२ मेची नोंद. सुरुवातीला काउंट कायद्याचे प्रश्न विचारते, इंग्लंडात दोन वकील ठेवता येतात काय, म्हणजे एकाच्या कामाचा दुसऱ्याला पत्ता नको. (असे जमीन घेणारे आपल्या तालुक्यात पण आहेत, नावं नाही घेत.) त्याच रात्री हार्कर खिडकीतून पाहते आणि काउंट महालाच्या भिंतीवरून खाली उतरताना दिसते, डोकं खाली, पाय वर, दगडांच्या फटीत बोटं रुतवत, भिंतीवरून सरडा जाते तसा. वाचून झोपलो. सकाळी विहिरीवर पाणी काढायला गेलो तं बांधकामावरून एक घोरपड डोकं खाली करून उतरून राहिली, सावकाश, एक पाय, मग एक पाय. बादली तिथंच ठेवली आणि घरी येऊन चहा प्यालो. तुम्ही हसा.

पुढचं सांगत नाही. १९ मेची नोंद फक्त चुकवू नका. काउंट हार्करकडून तीन पत्रं लिहून घेते, पुढच्या तारखा टाकून, १२ जून, १९ जून, २९ जून. हार्करला कळते का आपल्या आयुष्याचा हिशोब लागला.

यंदा ३ मेपासून कोणी सोबत वाचते काय?

वऱ्हाडी_ठेचा · २८ एप्रिल, सकाळी ७:०५

कोंड्या भाऊ, पयले हे सांग का डुकरं किती आले अन् भुईमूग किती वाचला. तू तं पुस्तक वाचत बसला असशीन न् तिकडं डुकरायनं पंगत मांडली असन.

अन् तो ड्रॅक्युला लसनाले भेते म्हंतेत. आमच्या घरी सकायीच माय ठेचा कुटाले बसते तं अर्धी गल्ली खोकलते. तो आमच्या इकडं येतच नाही, आला तं शिंका देत वापस जाईन. मले काही भेव नाही. वाचाचं कायले मंग?

कापूसकोंड्या · २८ एप्रिल, दुपारी १:२०

दोन धुरे गेले भुईमुगाचे, कबूल आहे. त्यातला एक १२ मेचा.

अंबाडीची_भाजी (मूल, चंद्रपूर) · २८ एप्रिल, रात्री ९:१५

ठेचा दादा, लसणाचंच सांगते, कारण मी हे पुस्तक बीएडला असताना वाचलं आणि मला आजही तोच भाग आठवतो. लुसी नावाची मुलगी दिवसेंदिवस पांढरी पडत चाललेली. डॉक्टर व्हॅन हेल्सिंग हॉलंडहून लसणाची फुलं मागवतात, खिडकीच्या चौकटीला घासतात, दाराला घासतात, तिच्या गळ्यात फुलांची माळ घालतात, खिडकी बंद ठेवायला सांगतात. रात्र नीट जाणार असं वाटतं. आणि सकाळी तिची आई कौतुकानं सांगते, की खोलीत केवढा उग्र वास कोंडला होता, पोरीला गुदमरेल म्हणून मीच ती फुलं काढून टाकली आणि खिडकी थोडी उघडून ठेवली.

आईला काही माहीतच नसतं. तिचं हृदय कमजोर, धक्का बसेल म्हणून तिला कोणी सांगितलेलंच नसतं. भूत बाहेर उभं आहे आणि दार आई उघडते, मायेनं. मी त्या पानावर पुस्तक मिटलं आणि रूममेटला उठवलं होतं.

म्हणून लसूण आहे म्हणून निश्चिंत राहू नका. घरात एक माऊली पुरते.

वऱ्हाडी_ठेचा · २८ एप्रिल, रात्री ९:३१

अरे बाप. म्याडम तुमी वर्गात असंच सांगता का? पोट्टे झोपत नसतीन.

पुण्यात_अडकलो (मूळ वणी) · २९ एप्रिल, रात्री १२:५०

विरोधी पक्ष म्हणून बोलतो. पहिले चार प्रकरणं कडक, म्हणजे जागतिक दर्जाचे, वाद नाही. त्यानंतर गाडी घसरते. व्हॅन हेल्सिंग बोलायला लागला की थांबत नाही, दोन दोन पानं प्रवचन, आणि सगळे जण एकमेकांना किती थोर आहात तुम्ही म्हणत रडत असतात. आणि काउंट स्वतः किती वेळ दिसतो? सुरुवातीनंतर जवळजवळ गायब. लोकांनी ड्रॅक्युला म्हणून पुस्तक घेतलं आणि निम्म्याहून जास्त पुस्तक खोके शोधण्यात गेलं.

पण एक गोष्ट मला लागली ती सांगतो. त्याला आपल्या गावच्या मातीशिवाय झोप लागत नाही. परदेशात जायचं तर ५० खोके भरून माती बरोबर नेतो आणि दिवसा त्यात पडून राहतो. मी हिंजवडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, दोन वर्षांपूर्वी बाबांनी कुंडीसाठी म्हणून पिशवीभर काळी माती दिली शेतातली, आणली, तुळस लावली, तुळस मेली, माती तशीच आहे. टाकवत नाही. पहिला पाऊस खिडकीतून आत येतो तेव्हा त्या कुंडीचा वास येतो. बायको म्हणते फेक आता. तेव्हापासून काउंटबद्दल मनात थोडा सॉफ्ट कॉर्नर आहे, माफ करा.

कापूसकोंड्या · २९ एप्रिल, रात्री १०:१०

वणीकर, मधल्या भागावर मी भांडीन. खोके शोधणं तुम्हाला कंटाळवाणं वाटलं कारण तुम्ही कधी जिनिंगवर गाड्या मोजल्या नाहीत. ५० खोके जहाजातून उतरले. त्या २० एकरवाल्या घरात जाऊन मोजले तं २९. म्हणजे २१ गायब. मग हार्कर एकेका गाडीवानाकडं, हमालाकडं जाते, कोणाला बिअरचे पैसे देते, कोणाच्या वहीत पाहते, आणि हिशोब जुळत जाते: एका पत्त्यावर ६, दुसऱ्यावर ६, पिकॅडिलीच्या एका घरात ९. झाले २१. मी मचानावर बसून बोटांवर मोजले आणि जुळले तेव्हा टाळी वाजवली. सैतानाचा माग कुठं लागते, तं हमालाच्या वहीत! मग एकेक खोका निकामी करत जातात आणि शेवटी ४९ होतात. एक उरते. तो एक कुठं आहे हेच मग पुढचं पुस्तक.

मला तं हीच या पुस्तकाची खरी गंमत वाटते. प्रत्येकाजवळ एक एक तुकडा आहे आणि कोणालाच पूर्ण दिसून नाही राहिलं. आपल्या गावात पण तसंच असते ना, कोणाच्या घरी काय चाललं याचा एक तुकडा दूधवाल्याला माहीत, एक शिंपिणीला, एक कोतवालाला, आणि बसून जोडत कोणी नाही. वाचणाऱ्याला मात्र सगळ्यांच्या वह्या दिसतात, म्हणून त्याला आधी कळते आणि ओरडून सांगता येत नाही. आईनं खिडकी उघडली तेव्हा मी खरोखर 'ओ बाई नका' म्हटलं, एकटाच, शेतात.

प्रवचनाचं मान्य आहे. मी पण व्हॅन हेल्सिंगची पानं डुलक्या घेत वाचली.

अंबाडीची_भाजी · २९ एप्रिल, रात्री १०:४८

जोडत कोणी नाही कसं? हार्करची बायको मीना जोडते! सगळ्यांच्या डायऱ्या, तारा, कात्रणं ती एकटी टाइप करते, तारखेनं लावते, कार्बन घालून तीन प्रती काढते. वेड्यांच्या दवाखान्याचा डॉक्टर सेवर्ड आपली डायरी फोनोग्राफवर बोलून ठेवतो, त्याला स्वतःलाच त्यातली एखादी जागा शोधता येत नाही, तेही ही ऐकून उतरवते. लग्नाआधी शाळेत शिकवायची ती, आगगाडीचं टाइमटेबल पाठ. शाळेतलं यूडायसचं (सरकारला शाळेची माहिती भरून द्यायचं) काम कोणावर येतं हे मला विचारा, मीनाला मी बरोबर ओळखलं.

आणि मग हे शहाणे पुरुष काय करतात? कागद तयार झाले, आता बाईमाणसानं यात नको, तिच्या जिवाला झेपायचं नाही, म्हणून तिला बाजूला काढतात. रात्री स्वतः काउंटचं घर शोधायला जातात आणि तिला झोप म्हणून सांगतात. काउंट कुठं येतो मग? तिच्याचकडे. सकाळी ती फिकट दिसते, थकल्यासारखी वाटते, तरी कोणाच्या डोक्यात येत नाही, लुसीच्या वेळी हेच सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असून. मला त्या प्रकरणात काउंटपेक्षा या मंडळींचा राग आला. शेवटी तो कोणत्या नदीनं परत चाललाय हे कोण शोधतं? नकाशा घेऊन मीनाच.

लॅबवाला_दादा (गडचिरोली) · ३० एप्रिल, सकाळी ६:२०

नाईट संपवून लिहितो आहे, चुका पोटात घाला. मी रक्तपेढीत काम करतो त्यामुळे लुसीचा भाग मी वेगळ्याच भीतीनं वाचला. तिला चार वेळा रक्त देतात, चार वेगवेगळ्या माणसांचं, आधी होणारा नवरा आर्थर मग डॉक्टर सेवर्ड मग व्हॅन हेल्सिंग स्वतः मग तो अमेरिकन क्विन्सी, आणि क्रॉसमॅच (रक्त जुळते का ते पाहणं) नाही काही नाही, धडधाकट पुरुष दिसला की बाही वर कर. स्टोकरचा दोष नाही, पुस्तक १८९७ चं आणि लँडस्टायनरनं रक्तगट दाखवले १९०१ मध्ये. पण आज वाचताना वाटते की या पोरीला काउंटनं नाही मारलं तर डॉक्टरच मारतील.

आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट भरपूर, पूर्व विदर्भात सगळीकडेच आहेत, लहान लहान लेकरं येतात पिशवी लावायला. मागे एक बाबा आले होते, पोरीसाठी, त्यांचा गट जुळला नाही, ते म्हणे माझंच घ्या ना साहेब, बाप आहो मी तिचा. अर्धा तास समजावलं. पुस्तकात आर्थर हेच म्हणतो, शेवटचा थेंबही देईन तिच्यासाठी. त्यानंतर मला ते पान हसण्यावारी नेता आलं नाही.

रेनफील्डबद्दल कोणीच बोललं नाही? वेड्यांच्या दवाखान्यातला पेशंट, माश्या पकडतो, माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना घालतो, वहीत हिशोब ठेवतो किती जीव झाले त्याचा. मग डॉक्टरला लाडीगोडी लावून मांजरीचं पिल्लू मागतो. डॉक्टर नाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी चिमण्या दिसत नाहीत, खोलीत पिसं पडलेली आणि उशीवर रक्ताचा एक थेंब. उडून गेल्या म्हणतो. झोपतो आता.

तुरीची_शेंग (अचलपूर) · ३० एप्रिल, दुपारी ४:०२

मी बीए फर्स्ट इयरला आहे, इंग्लिश थोडं कच्चं आहे. झेपेल का? आणि गॉथिक म्हणजे नक्की काय, सरांनी नुसतं सिलॅबसमध्ये आहे एवढंच सांगितलं.

कापूसकोंड्या · ३० एप्रिल, रात्री ११:३०

झेपते. मी पण कृषी पदविकावाला आहे, इंग्रजीचा प्राध्यापक नाही. अडलेला शब्द सोडून पुढं जायचं, चौथ्या दिवशी कान बसते. फक्त व्हिटबीच्या (इंग्लंडातलं समुद्रकाठचं गाव) दफनभूमीत एक म्हातारा खलाशी बोलायला लागते, मिस्टर स्वेल्स, त्याची भाषा तिकडची गावठी आहे, इंग्रजांना पण अडखळायला होत असन. पुण्याच्या माणसाला ठेचा भाऊचा प्रतिसाद जसा वाटते तसं समजा. लिब्रिव्हॉक्सवर ऑडिओ पण फुकट आहे, ऐकत ऐकत वाचलं तं सोपं जाते.

गॉथिकचं मामातलाव भाऊ सांगतील, त्यांच्या घरीच आहे.

मामातलाव (लाखनी, भंडारा) · १ मे, सकाळी १०:१५

घरीच आहे म्हणजे काय, घरच आहे!

शेंग ताई, सरळ सांगायचं तर ज्या भयकथेत इमारत एक पात्र असते ती गॉथिक. पडका महाल, बंद खोल्या, भुयार, घराण्याचं जुनं पाप, आणि त्यात सापडलेला नवीन माणूस. १७६४ मध्ये होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रजानं पहिली लिहिली असं धरतात, त्यातही किल्लाच आहे, इटलीतला. १८१८ ला मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाईन आली. स्टोकर या रांगेत बराच मागून आला, पण त्यानं एक केलं की महालातलं भूत उचलून आगगाडी, टाइपरायटर आणि तारांच्या लंडनमध्ये आणून सोडलं.

आता आमचं. पणजोबा मालगुजार होते, म्हणजे गावचे जमीनदार. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, वाडा राहिला. अठरा खोल्या, वापरात तीन. बाकीच्यांत वटवाघळं आणि भावकीतली भांडणं. माझ्या लहानपणी वाड्यात आजोबांचे मोठे भाऊ एकटेच राहायचे, आम्ही त्यांना दादाजी म्हणायचो. कोणी पाहुणा आला की ते ओसरीवर बसून आत तोंड करून आवाज द्यायचे, 'अरे कोण आहे रे, पाणी आणा!' आत कोणीच नसायचं. मग स्वतःच 'कुठं मेले सगळे' म्हणत उठायचे, आत जायचे, आणि तांब्या घेऊन बाहेर यायचे. पाहुण्यालाही माहीत असायचं आणि दादाजींनाही. पितळेचा तांब्या घासलेला असायचा, तोही त्यांनीच घासलेला.

कोंड्या भाऊ, तुम्ही त्या गादीबद्दल लिहिलंत तेव्हा मला काउंट नाही दिसला, दादाजी दिसले. काउंट पण हार्करला आपल्या घराण्याच्या लढाया सांगत बसतो ना रात्र रात्र, 'आम्ही' 'आम्ही' म्हणत, जणू सगळ्यांत हा स्वतः होता. दादाजी पण असेच बोलायचे भोसल्यांच्या काळाबद्दल. फरक एवढा की ते खरंच तिथं नव्हते.

वऱ्हाडी_ठेचा · १ मे, सकाळी १०:४०

मामा, तुमच्या वाड्यावर एकडाव मुक्कामाले येतो. पन दिवसा.

अन् मले कोनी सांगा, तो दिसते कसा? पिक्चरात तं काया झगा, चापून बसवलेले केस.

मामातलाव · १ मे, दुपारी १२:०५

पुस्तकात आधी म्हातारा आहे. उंच, सगळे काळे कपडे, लांब पांढऱ्या मिशा, जाड भुवया नाकावर जुळलेल्या, तळहाताच्या मधोमध केस, नखं टोकदार, तोंडाला वास. रक्त मिळत जातं तसा तरुण होतो, लंडनमध्ये हार्करला दिसतो तेव्हा मिशा काळ्या. आणि हो, उन्हानं तो जळत नाही, दिवसा रस्त्यावर फिरतो, फक्त ताकद कमी असते. उन्हात मरायचं १९२२ च्या जर्मन मूकपटापासून सुरू झालं. त्या पिक्चरवाल्यांनी परवानगी न घेता गोष्ट उचलली होती, स्टोकरच्या बायकोनं कोर्टात खेचलं आणि प्रिंट जाळायचा हुकूम मिळवला, तरी काही प्रती वाचल्याच.

पुण्यात_अडकलो · १ मे, रात्री ११:२२

यात भर. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियात कधी गेलाच नाही. आयरिश माणूस, डब्लिनजवळचा, लंडनच्या लायसियम थिएटरचा मॅनेजर, हेन्री आयर्विंग या नटाचा सगळा कारभार सांभाळायचा. १८९० मध्ये सुट्टीत व्हिटबीला गेला, तिथल्या लायब्ररीत एका जुन्या पुस्तकात ड्रॅक्युला हे नाव सापडलं. तोवर त्याच्या टिपणांत काउंटचं नाव व्हॅम्पायर होतं, काउंट व्हॅम्पायर, विचार करा. ऑफिस सांभाळून सात वर्षं टिपणं काढली. नकाशे आणि टाइमटेबलं पाहून अख्खा घाट उभा केला पठ्ठ्यानं.

आणि कोंड्या भाऊ, तारखेप्रमाणे वाचण्याला माझा आक्षेप आहे. छापलेला क्रम वेगळा आहे आणि तो मुद्दाम आहे. आधी वादळात जहाज व्हिटबीच्या किनाऱ्याला लागतं, सुकाणूला हात बांधलेला कॅप्टनचा मुडदा, जिवंत माणूस एक नाही, एक भलामोठा कुत्रा उडी मारून पळतो. आणि त्यानंतर आपल्याला त्याची नोंदवही वाचायला मिळते. शेवट माहीत असून वाचायची मजा आहे ती. तुमच्या पद्धतीनं ती जाते.

कापूसकोंड्या · २ मे, पहाटे ४:४५

जाते, पण दुसरी मिळते. ३० जूनला हार्करची डायरी बंद पडते. पुढं काय झालं, काही नाही. इकडं माझी पेरणी, पाऊस दडी मारून बसला, दुबार पेरणीची भीती वेगळीच. आणि ६ जुलैला अचानक एका जहाजाची वही सुरू होते, काळ्या समुद्रातलं वार्ना बंदर, मालात चंदेरी रेती आणि मातीचे खोके. नऊ माणसं. तेव्हा मला माहीतच नव्हतं हे जहाज कुठं जाऊन राहिलं. मग एक माणूस कमी. मग अजून एक. डवरणीच्या गडबडीत चार दिवस वाचणं राहिलं आणि उघडलं तं अजून एक कमी.

आमच्याकडं जागलीला काय असते, आजूबाजूच्या शेतात पण मचानं आहेत, प्रत्येकाची बॅटरी लुकलुकते, कोणी डबा वाजवते, कोणी हो-हो करते. मध्यरात्र उलटली का एकेक बॅटरी बंद होत जाते. माहीत आहे का झोपले असतील. तरी त्या महिन्यात मी मोजत होतो. पाच. चार. तीन.

बरं, उद्या ३ मे. कोण कोण आहे?

तुरीची_शेंग · २ मे, सकाळी ९:००

मी.

अंबाडीची_भाजी · २ मे, सकाळी ९:३०

मी, दुसऱ्यांदा. सुट्ट्या आहेत.

लॅबवाला_दादा · २ मे, सकाळी ११:००

नाईट असेल तेव्हा.

पुण्यात_अडकलो · २ मे, दुपारी २:१५

आक्षेप नोंदवून, मी पण.

वऱ्हाडी_ठेचा · ३ मे, रात्री १०:२०

म्या बी सुरू केलं, ते ऑडिओवालं, पोट्ट्यानं लावून देल्लं. हे तं पयल्याच दिवशी कोंबडीवर आलं! मिरचीवाली कोंबडी खाल्ली त्यानं, लय तहान लागली, रातभर घागर रिकामी केली, अन् वरून म्हंते रेसिपी घेतो मीनासाठी. अरे हे तं सावजीच झालं ना बाप्पा. मले वाटलं भूत येईन, इथं रस्सा आला.

तुरीची_शेंग · ५ मे, रात्री ११:५५

तो उंबरठ्यावर उभा राहून म्हणतो ना, स्वतःच्या मर्जीनं आत या. पाऊल टाकेपर्यंत जागचा हलत नाही. मला ते वाक्य कळायला दोनदा वाचावं लागलं आणि कळल्यावर वाटलं नसतं कळलं तर बरं. घरचे सगळे झोपलेत, फक्त कुत्रं जागं आहे.

मामातलाव · ६ मे, सकाळी ८:१०

पुढं कळेल, तो स्वतः दुसऱ्याच्या घरी जातो तेव्हाही तसंच, घरच्या कोणी पहिल्यांदा 'या' म्हटल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. एकदा बोलावलं की मग कधीही या.

वऱ्हाडी_ठेचा · ६ मे, सकाळी ८:४४

मंग तं आपलं काही खरं नाही. आपल्याकडं ओयख ना पाळख, कोनी बी दाराशी आला का माय आतूनच म्हंते, 'या ना, बसा, पानी घ्या.' मी आज तिले सांगतलं का पयले पाहत जाय कोन हाय. तं मले म्हने, 'तुह्या बापानं शिकवलं काय असं?'

कापूसकोंड्या · ७ मे, रात्री १२:३५

लाईन आत्ता आली, मोटर चालू करून येतो, म्हणून थोडक्यात. यंदा भुईमूग दोनच एकर आहे, मचान तेच. ठेचा भाऊ, मायला काही सांगू नका, ती ऐकणार नाही.

उद्या ८ मे, मोठी नोंद आहे, सकाळपासूनच वाचायला घेजा. आणि ज्यांना दाढी करायची आहे त्यांनी आजच करून घेजा.